तायडे आणि निहालीचं कूळ

अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी रुजू झालो ते सत्तावन्न साल. स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी पंख्याखालची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसलो. समोर एक उंच, सावळा, खांद्यात किंचित वाकलेला माणूस बसला होता. चहा बशीत ओतून तो प्यायचा विसरला होता. माझं नाव नाही, गाव नाही, एकदम प्रश्न आला.

"तुमच्याकडे डोयाले काय म्हनते?"

"कशाला?"

"डोयाले, बाप्पा! ज्यानं पाह्यता थो."

"डोळा?"

"डोळा," त्याने माझ्यामागून म्हणून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "म्हंजे तेच. अन पान्याले पानीच म्हनत असान."

मी कबूल केलं, पाणीच म्हणतात. "पाहा," असं म्हणून त्याने बशीतला गार चहा एका घोटात संपवला. मग तास झाल्याची घंटा ऐकून उठला आणि चुकीच्या वर्गाकडे चालू लागला. कोणीतरी त्याला हाक मारून परत वळवलं.

हे सुखदेव तायडे. मूळचे अकोल्याकडचे, बार्शीटाकळीचे. कॉलेजात मराठी आणि भाषाशास्त्र शिकवत. मी साताऱ्याचा, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून मला 'पुणेकर' म्हटलं. मी दोनचारदा दुरुस्ती केली, तर म्हणाले, "आमाले तिकडचे समदे एकाच कुळातले वाटते. तुमी काहून मनावर घेता?" पुढची सगळी वर्षं मी पुणेकरच राहिलो.

सुरुवातीला मला त्यांचं बोलणं अंगावर आल्यासारखं वाटे. वऱ्हाडी माणूस साधं विचारतो तेही हटकल्यासारखं. पण तायडे कोणाला हटकत नसत. ते खरोखरच गोंधळलेले असत. 'मले काही उमजून नाई राहिलं' हे त्यांचं दिवसातून कितीतरी वेळा येणारं वाक्य. इतर प्राध्यापक न उमजलेलं झाकून ठेवतात. तायडे ते वर्गात फळ्यासमोर उभं राहून सांगत. "हा शब्द कुठून आला याची तीन मतं आहेत. तिन्ही मला पटतात. त्यामुळे मी अडचणीत आहे." मुलं परीक्षेच्या काळजीने हैराण होत. एकदा काही जण तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी तायड्यांना बोलावून विचारलं, "एक उत्तर का देत नाही?" तायडे म्हणाले, "एकच असतं तर एकच दिलं असतं, साहेब. मी काय मुद्दाम करतो?" त्या वर्षी मुलांनी तिन्ही मतं लिहिली.

या गोंधळाच्या मुळाशी एक भाषा होती. निहाली तिचं नाव. अकोल्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी जामोदच्या बाजूला काही थोड्या वस्त्यांतून ती बोलली जाते. कॉलेजात येण्यापूर्वी तायडे त्या भागात शाळामास्तर होते. आठवडी बाजारात मोहाची फुलं विकायला बसलेली एक बाई आपल्या मुलाला काहीतरी सांगत होती. तायड्यांना एक अक्षर कळलं नाही. त्यांना वाटलं, कोरकू असेल. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा त्यांच्या कानावरून गेलेली होती. शेजारी बांबू विकणारा एक कोरकूच बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आमची नाई ही. आमालेबी कळत नाई." मग गावातल्या एका प्रतिष्ठिताला विचारलं. तो हसला. "मास्तर, ती काही भाषा नाही. चोरी करताना लोकांना कळू नये म्हणून बनवलेली आहे त्यांनी."

ही गोष्ट तायडे पुन्हा पुन्हा सांगत आणि या वाक्याशी आले की त्यांचा आवाज बदले. "आपल्याले समजली नाई म्हनून थो चोर! रिद्धपूरच्या महानुभावांनी पोथ्या गुप्त लिपीत लिवल्या, तं त्यायले कोनी चोर म्हनलं काय? काहून नाई म्हनलं?" त्यांच्या आजोबांनाही गावात काहीबाही नावं ठेवली जात, हे मला त्यांच्या पत्नीकडून, सुभद्रावहिनींकडून कळलं. तायडे स्वतः त्याबद्दल बोलत नसत. छप्पन्न साली ते वहिनींना आणि आईला घेऊन नागपूरला गेले होते आणि बौद्ध होऊन परत आले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याखाली बसून ते निहालीचं कूळ शोधत.

भाषांची कुळं असतात, हे मी शिकलो होतो, पण तायड्यांच्या घरी ते पहिल्यांदा घरगुती झालं. मराठी, हिंदी, बंगाली ही आर्यकुळातली भावंडं. तेलुगू, तमिळ, कानडी हे द्राविडी घर. कोरकू आपल्याकडे मेळघाटात राहत असली तरी तिचे सगळे नातेवाईक दूर छोटा नागपूरकडे, संथाळ-मुंडांचे. तायडे हे असं सांगत की जणू शेजारच्या आळीतल्या सोयरिकी सांगत आहेत. "मंग निहाली कोनाची? कोनाच्या तरी घरची असनच ना!"

त्यांना शब्द तोंडात घोळवायची सवय होती. सायकलवरून जाताना पुटपुटत: जोप्पो, जोप्पो. पाणी. आपो, विस्तव. जिकी, डोळा. राजापेठेत लोक वळून पाहत. घरात तर वहिनींनी चिडून चिडून ते शब्द उचलले होते. "सरायले जोप्पो दे," असं त्या आपल्या एखाद्या मुलीला सांगत, थट्टेनेच. पण मुली लहान, त्यांना थट्टा कुठली कळते? मी एकदा दुपारी गेलो तर धाकटीने दारातच विचारलं, "काका, जोप्पो आणू?" साऱ्या अमरावतीत पाण्याला जोप्पो म्हणणारं ते एकच घर असावं.

मी गेलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा पहिला निकाल लागला. निहालीत एकापासून चारापर्यंतचे आकडे असे: बिडुम, इरार, मोथो, नालो. पाचापासून पुढे आपल्यासारखेच. इरार, मोथो, नालो हे ऐकून त्यांना काहीतरी आठवत होतं. बडनेरा स्टेशनवर एक तमिळ बुकिंग क्लार्क होता. तायडे सायकल मारत बडनेऱ्याला गेले आणि तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून त्याला आकडे म्हणायला लावले. मागे रांग होती. क्लार्क भला माणूस, तो म्हणत राहिला. इरंडु, मूण्ड्रु, नालु. रांगेतले लोक ओरडायला लागले तेव्हा तायडे बाजूला झाले. परत येऊन त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. "द्राविडी! घर सापडलं!"

मी पेढा खाल्ला. तोंडात पेढा असतानाच विचारलं, "आणि बिडुम?"

"बिडुम काय?"

"एक. एकाला बिडुम म्हणतात ना? तो तमिळात आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेढ्यांचा पुडा हातात तसाच. "नाई," ते हळू म्हणाले. "थो नाई." मग उरलेले पेढे त्यांनी शिपायाला दिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आकडे तं मानूस बाजारातून घेऊन येते, पुणेकर. उसने असते आकडे. घरचं काय, थे पाहावं लागते."

म्हणून आम्ही परतवाड्याला गेलो. तिथल्या बाजारात कोरकू येत. लाकडाच्या वखारीजवळच्या चहाच्या टपरीवर तायड्यांनी एका म्हाताऱ्या कोरकूला समोर बसवलं, त्याला चहा-भजी दिली आणि निहाली वाक्यं म्हणून दाखवली. म्हातारा ऐकत होता, मध्येच मान डोलवत होता, मध्येच थांबत होता. शेवटी म्हणाला, "यातले लय शब्द आमचे हायेत. बाकीचे कोनाचे थे मले नाई माईत."

"पाण्याले काय म्हनता तुमी?"

"डा."

"जोप्पो नाई?"

"जोप्पो काय असते?" म्हातारा म्हणाला, आणि भजी खायला लागला.

परतीच्या बसची वाट पाहत बसलो होतो. तायडे बोटं दुमडत बोलायला लागले, जणू स्वतःशीच. "कोरकूचं काढलं. मराठीचं काढलं. हिंदीचं काढलं. थे दक्षिणेकडचे आकडेबी काढले. हे समदं काढल्यावर जे राह्यते ना, थे कोनाचंच नाई." त्यांचा चेहरा अंधारात एकटं सापडलेल्या माणसासारखा झाला होता. "जोप्पो कोनाचा नाई, आपो कोनाचा नाई, जिकी नाई, बिडुम नाई. पुणेकर, एकट्याचं कूळ असते काय हो?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. निदान एकजण तरी त्यांच्यासारखा निघाला.

त्या सुमारास तायडे पीएच.डी.चं काम करत होते. त्यांचे मार्गदर्शक बाहेरगावचे, मोठ्या नावाचे पंडित. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: प्रबंधाला निष्कर्ष लागतो. निहाली ही कोरकूची पोटबोली आहे असं लिहा, पुरावे आहेतच, काम संपवा. पदवी मिळाली असती तर विभागप्रमुखाची जागा तायड्यांचीच होती, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. तायडे सुट्टीत त्यांच्याकडे जात आणि हिरमुसून परत येत. "थे म्हनते, लिवा. मी म्हनतो, पोटबोली असती तं कोरकूले अर्धं काहून नाई समजत? थे म्हनते, तुमी लय विचार करता." मग स्वतःच हसत. "विचार कुठं करून राहिलो मी? निसता गोंधळून राहिलो."

पण ही भूमिका त्यांनी सोडली नाही. जिथे जातील तिथे सांगत: निहाली कोरकू नाही, निहाली वेगळी आहे. शाळांमधून, व्याख्यानांतून, एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला. तिकडच्या वस्त्यांतही त्यांचं हे बोलणं पोचलं होतं. लोकांना ते आवडे, कारण त्यांच्या बोलीला भाषा म्हणणारा हा पहिलाच मास्तर होता.

त्याचा परिणाम एका रविवारी सकाळी त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथेच होतो, पोहे खात. एक पन्नाशीचा बारीक माणूस, त्याची म्हातारी आई आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. माणूस मोतीराम. म्हातारी सुमरीआजी, तायड्यांना निहाली शिकवणारी मुख्य बाई तीच. मुलगी फुलवंती, मोतीरामची. तायडे लगबगीने पुढे झाले, निहालीत काहीतरी म्हणाले. आजी हसली नाही.

मोतीरामने हकिगत सांगितली. आदिवासी मुलींसाठी एक वसतिगृह निघालं होतं. जेवण, कपडे, शाळा, सगळं तिथेच. फुलवंतीला तिथे घालायची म्हणून तो एका कचेरीत गेला. तिथला बाबू म्हणाला, आदिवासींच्या सरकारी यादीत कोरकू आहेत, तुमचं वेगळं नाव नाही. मोतीराम म्हणाला, आम्ही कोरकूच. तर बाबू म्हणाला, "कसे काय? तो अमरावतीचा प्रोफेसर तर सगळीकडे सांगत फिरतो की तुमची भाषाच वेगळी आहे."

तायडे मोतीरामसमोर जमिनीवरच बसले.

"आता तूच लिवून दे," सुमरीआजी म्हणाली. तिची मराठी मोडकी पण ठाम होती. "आमी कोरकू हाय असं लिव. तुजं बाबू ऐकन."

"पन आजी, तुमी कोरकू नाई ना," तायडे म्हणाले. ते विनवणी करत होते. "तुमची बोली त्यायची नाई. तूच तं शिकवलं मले."

"मंग?"

"मंग खोटं कसं लिवू?"

आजीने भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. "तू आता हा हायेस ना? बुद्धाचा?"

"हो."

"पयले नव्हता."

"नव्हतो."

"मंग कोनी लिवलं? तू का दुसऱ्यानं?"

"म्या लिवलं. माह्या हातानं."

"मंग आमचंबी आमी सांगतो," आजी म्हणाली. "तू निसती सही कर."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजींच्या वेळेस तुमी खरं लिवाले लावलं. काय झालं, विसरले काय?"

मी पोह्यांच्या बशीत पाहत राहिलो. तायड्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट मला तेव्हाच कळली. कॉलेजच्या अर्जात त्याने जातीच्या जागी 'बौद्ध' लिहिलं, तायड्यांच्या सांगण्यावरून. जे आहोत ते लिहायचं, म्हणून. त्याची सवलत गेली. कॉलेज सुटलं, आणि तो अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत लागला. अजून तिथेच होता. खोकत होता, असं वहिनी म्हणाल्या.

तायडे उठून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ लागला. फुलवंती उंबऱ्यावर बसून पायाच्या अंगठ्याने जमीन खरवडत होती. वहिनींनी तिला पाणी दिलं. "जोप्पो," वहिनी सवयीने म्हणाल्या, आणि ती मुलगी चमकून वर पाहायला लागली. मग तोंडावर हात धरून इतकी हसली की पाणी सांडलं.

तायडे कागद घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांनी तो मला वाचायला दिला. एकच वाक्य होतं, खाली सही आणि हुद्दा. निहाली ही कोरकूची पोटबोली असून ती बोलणारे लोक कोरकूच होत. ज्या वाक्याने त्यांना डॉक्टरकी मिळाली असती, तेच शब्दशः. "बरोबर हाय काय?" त्यांनी विचारलं. मी शुद्धलेखन बरोबर असल्याचं सांगितलं.

फुलवंतीला जागा मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याला एक साहित्यिक मेळावा झाला. वऱ्हाडातल्या बोलींवर एक बैठक होती, तायडे वक्ते आणि त्यांचे मार्गदर्शकच अध्यक्ष. मी सोबत गेलो होतो. सभागृह गच्च भरलं होतं, कारण त्यानंतर गाण्यांचा कार्यक्रम होता. तायडे सुंदर बोलले. प्रमाण मराठीत, एकेका शब्दाचं वजन करत. कोरकूचे थर, मराठीचे थर, दक्षिणेचे आकडे, आणि खाली उरलेले ते अनाथ शब्द. लोक चक्क ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणून माझं मत असं की निहाली आज आपल्याला माहीत असलेल्या कोणत्याही घरची नाही."

टाळ्या झाल्या. तिथे थांबले असते तर काही झालं नसतं. अध्यक्षांनाही तेवढा विरोध सहन झाला असता. पण तायडे व्यासपीठावर तसेच उभे राहिले. कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. निहाली कोरकूची पोटबोली आहे, असं मी एका कचेरीला लिहून दिलेलं आहे. माझ्या सहीने."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष ताडकन म्हणाले, "म्हणजे आत्ता जे बोललात ते खोटं?"

"नाही."

"मग लिहून दिलेलं खोटं?"

तायडे विचारात पडले. खरोखर विचारात पडले. ते नाटक नव्हतं. "तेही नाही, असं वाटतं," ते म्हणाले. "म्हंजे, माणसं कोण हे त्यांनी सांगायचं. भाषा कोणाची हे मी सांगायचं. पण माणसं अन भाषा यायले वेगळं कसं..." वाक्य वऱ्हाडीत घसरलं आणि तिथेच अडकलं. "मले काही उमजून नाई राहिलं."

लोक हसले. काही टिंगलीने हसले, काही प्रेमाने. अध्यक्ष मात्र उभे राहिले आणि म्हणाले की ज्याला स्वतःच्या सहीचा अर्थ माहीत नाही त्याचं मार्गदर्शन आपण करू शकत नाही. ते चारचौघांत म्हणाले आणि तसंच वागले. प्रबंध तिथेच संपला. विभागप्रमुखाची जागा पुढे दुसऱ्याला गेली.

पण त्या संध्याकाळी तायड्यांना यातलं काही दिसत नव्हतं. अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर आम्ही बसची वाट पाहत होतो आणि त्यांनी अचानक माझं मनगट धरलं. "पुणेकर, सभेत त्या कचेरीतलं कोनी असन तर? पोट्टीले काढून टाकतीन थे. म्या काय करून ठेवलं हो?" तोपर्यंत हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता ते उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. अमरावतीची बस आली, तीत ते चढले नाहीत. "मी तिकडंच जातो," म्हणाले, आणि मला एकट्याला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. न झोपलेला चेहरा, पण उजळलेला. वसतिगृहाच्या बाईंना त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं, माफी मागितली होती, पोरीला काढू नका म्हणाले होते. त्या बाई मुलींना वाढत होत्या. त्यांनी हातातली वाटी खाली न ठेवता विचारलं, "कोणती भाषा? आमच्याकडे तसं काही विचारायला कोणी आलं नाही. सही आहे ना? झालं तर." पंक्तीत फुलवंती वरण-भात खात होती. तिने तायड्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा खायला लागली.

"म्हंजे कोनाले काही पडलेलीच नाई!" तायडे मला म्हणाले. यावर आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. दिवसभर ते दोन्ही करत राहिले.

त्यानंतर त्यांनी काही छापलं नाही. पण जामोदच्या बाजूला जाणं थांबलं नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तिकडेच असत. सुमरीआजी वारली त्या वर्षी ते परत आले आणि कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये कोणाला काही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "जाताना ती काहीतरी बोलली. मोतीरामलेबी समजलं नाई. जुनं बोलली असन." मी विचारलं, ऐकलेलं लक्षात आहे का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. आहे. पण सांगितलं नाही.

साठाच्या दशकाच्या शेवटी मी वऱ्हाड सोडलं. कोल्हापूरला नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी तायडे अमरावतीत नव्हते, अकोल्याला काही काम आहे म्हणाले होते. माझी गाडी बडनेऱ्याहून निघाली आणि अकोल्याला थांबली. पाय मोकळे करायला उतरलो तर पलीकडच्या फलाटावर, खांडव्याकडे जाणारी छोटी गाडी लागते तिथे, तायडे उभे. शेजारी पत्र्याची ट्रंक आणि निळ्या काठाचं लुगडं नेसलेली एक तरुण मुलगी. पूल ओलांडून मी धावतच गेलो.

"ओळखलं काय?" तायडे म्हणाले. "फुलवंती. मास्तरीन झाली! मेळघाटात शाळा भेटली तिले, कोरकूंच्या गावात. आज हजर व्हायचं हाय."

फुलवंतीने वाकून मला नमस्कार केला. तायड्यांचे केस एव्हाना पिकले होते, पण चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. ते तिच्याकडे वळले आणि निहालीत काहीतरी विचारलं. लांब, सावकाश वाक्य, प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा.

ती लाजून हसली. "सर, समजते थोडंथोडं. पन बोलता नाई येत आता. आजी होती तवा यायचं. वसतिगृहात समद्या कोरकू पोरी होत्या ना." मग ती घाईने म्हणाली, "कोरकूत सांगू?"

"सांग," तायडे म्हणाले.

आणि ती कोरकूत बोलायला लागली. भरभर, हातवारे करत, हसत. नव्या गावाबद्दल असावं, नदीबद्दल असावं. मला एक शब्द कळला नाही. तायडे डोळे बारीक करून ऐकत होते, मधेमधे मान डोलवत होते. ती थांबली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"पाहा, कशी बोलते! अस्सल. कोनी म्हनन काय कोरकू नाई म्हनून?" मग आवाज खाली आला. "म्या लिवून देल्लं थे खरं झालं हो, पुणेकर."

ते खूश होते की काय, मला समजेना. त्यांना तरी समजत होतं की नाही, कोण जाणे. एवढ्यात माझ्या गाडीची शिटी झाली. त्यांचा हात हातात घेतला आणि पुलाकडे पळालो.

डब्यात चढून खिडकीशी आलो तेव्हा गाडी हलली होती. पलीकडच्या फलाटावर तायडे ट्रंकेवर बसले होते आणि फुलवंती त्यांच्यासमोर उभी होती. ते तिला काहीतरी म्हणून दाखवत होते. तिने ते म्हटलं. त्यांनी मान नकारार्थी हलवली, पुन्हा म्हटलं, तिने पुन्हा म्हटलं. मग दोघंही हसली. ते कोणत्या भाषेत चाललं होतं ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.